मधली चौकट खोटी नाही

गणित शिकवणाऱ्यांच्या एका मेळाव्यात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी माझ्या एका तासाविषयी जे म्हटलं, ते वर्षभर माझ्या मनातून गेलेलं नाही. साकोलीत बी.एस्सी.च्या मुलांना मी पडद्यावर कॅटेनॉइडचं हेलिकॉइड होताना दाखवलं होतं. त्यांचं म्हणणं असं : दोन टोकांच्या आकृत्या तेवढ्या गणिताच्या, मधलं सगळं संगणकानं भरलेलं. जाहिरातीत एका माणसाचा चेहरा वितळत वितळत दुसऱ्याचा होतो, तसलाच हा प्रकार. त्यातून मुलांची करमणूक होते, हाती काही लागत नाही. आणि तालुक्याच्या गावी, जिथे मुलांचा साधा कॅल्क्युलस कच्चा असतो, तिथे तर ही निव्वळ चैन. सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. मला उत्तराला दोन मिनिटं मिळाली आणि त्यात माझं सांगणं अर्धवट राहिलं. ते इथे पुरं करतो.

‘मधलं सगळं संगणकानं भरलेलं’ हे विधान चूक आहे. हा आवडीनिवडीचा किंवा अध्यापनपद्धतीचा वाद असता तर मी गप्प बसलो असतो. पण हे गणितातलं विधान आहे, ते तपासता येतं, आणि तपासलं की ते टिकत नाही.

तारेचं कडं साबणाच्या पाण्यात बुडवून काढलं की त्यावर पडदा धरतो. तो पडदा स्वतःचं क्षेत्रफळ होता होईल तेवढं कमी करतो. अशा पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूपाशी एका दिशेला जितका बाक, तितकाच काटकोनातल्या दिशेला उलटा बाक असतो. दोन्ही मिळून माध्य वक्रता शून्य. हे ज्याला लागू पडतं ते न्यूनतम पृष्ठ. सारख्या आकाराची दोन कडी समोरासमोर धरून पडदा ताणला तर मधे कंबर बारीक झालेली जी आकृती मिळते ती कॅटेनॉइड. लोंबत्या साखळीचा वक्र अक्षाभोवती फिरवला की ती तयार होते, हे ऑयलरनं १७४४ मध्ये दाखवलं. हेलिकॉइड म्हणजे गोल जिन्याचा किंवा स्क्रूच्या पात्याचा आकार. तेही न्यूनतम पृष्ठच आहे हे म्योनियेनं १७७६ मध्ये सिद्ध केलं. दिसायला दोघांचं काही नातं नाही. एक नळीसारखं बंदिस्त, एक उलगडत वर जाणारं. एकोणिसाव्या शतकात बोने या फ्रेंच गणितज्ञानं त्यांचं नातं उघड केलं : कॅटेनॉइडला वरपासून खालपर्यंत एक चीर दिली तर ते कुठेही न ताणता, न आक्रसता, न चुरगळता हेलिकॉइडच्या एका पूर्ण वेढ्यात वळवता येतं. वळवताना वाटेत जी जी आकृती लागते, ती प्रत्येक आकृती स्वतः न्यूनतम पृष्ठ असते.

हे मी वर्गात आधी पडद्यावर दाखवत नाही. आधी बाइंडिंगची तार घेतो. बांधकामावर सळया बांधायला वापरतात तीच, साकोलीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी. तिचं ३ सेंटिमीटर त्रिज्येचं कडं करायचं. परीघ १८.८५ सेंटिमीटर. ही कॅटेनॉइडची कंबर. आता कड्याची टोकं सोडवून एक वर, एक खाली खेचत न्यायची. कड्याची स्प्रिंग होते. ४५ अंशाच्या टप्प्यावर स्प्रिंगची त्रिज्या २.१२ सेंटिमीटर होते आणि एका वेढ्यात ती १३.३३ सेंटिमीटर चढते. तार तीच, लांबी तीच. शेवटी ती सरळ होते आणि १८.८५ सेंटिमीटरची काडी हातात उरते. ती हेलिकॉइडचा अक्ष, म्हणजे जिन्याचा मधला खांब. कंबरेवरून वर-खाली जाणाऱ्या साखळीच्या वक्ररेषा याच वेळी ताठ होत होत जिन्याच्या पायऱ्यांसारख्या सरळ रेषा होतात, आणि त्यांच्याही लांबीत केसाएवढा फरक पडत नाही. प्रत्येक मुलानं हे हातानं केलं की मगच मी पडदा लावतो. आता पडद्यावर काय हलतंय ते त्यांच्या बोटांना माहीत असतं.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे आणि ती तारेतून कळत नाही. पृष्ठाच्या एखाद्या बिंदूवर उभी टाचणी खोचली अशी कल्पना करा. पृष्ठ वळतं, बिंदू आपल्या जागेवरून दूर जातो, पण टाचणीची दिशा बदलत नाही. सुरुवातीला ती जिकडे रोखलेली होती, शेवटपर्यंत तिकडेच रोखलेली राहते. आणि बिंदू स्वतः मन मानेल तसा भटकत नाही, तो एका लंबवर्तुळाच्या कमानीवरून जातो. इतकं सगळं वळत असताना प्रत्येक ठिकाणचा कल जसाच्या तसा राहतो हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, आणि आजही वर्गात तो क्षण आला की माझा आवाज चढतो.

आता चेहऱ्यांची उपमा घ्या. दोन चेहऱ्यांच्या मधे जो चेहरा दिसतो तो कुणाचाच नसतो. त्याला आई नाही, गाव नाही. कॅटेनॉइड आणि हेलिकॉइडच्या मधल्या प्रत्येक चौकटीला मात्र स्वतःचं समीकरण आहे, स्वतःची माध्य वक्रता आहे, आणि ती शून्य आहे. उपमा नेमकी इथे मोडते.

आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनं एक गोष्ट मी स्वतःहून मांडतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझं म्हणणंही पुरं होत नाही. वर्गातल्या एका मुलीनं जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर हे रूपांतर स्वतः करून पाहिलं. तिनं साधा सरळ मार्ग घेतला : अर्ध्या वाटेवर अर्धं हेलिकॉइड आणि अर्धं कॅटेनॉइड, पाव वाटेवर पाव आणि पाऊण. बिंदूला बिंदू तिनं बरोबर जुळवले होते. चित्र छान हललं. पण मधोमध आल्यावर आकृती तिला लहान वाटली. तिनं विचारलं, “सर, हे आकसते कायले?” आम्ही मोजलं. मधोमध प्रत्येक लांबी मूळच्या सुमारे ७१ टक्के झाली होती, क्षेत्रफळ बरोबर निम्मं. आकार न्यूनतम पृष्ठाचाच होता, पण पत्रा आटला होता. कारण उघड आहे : अर्ध्याचा वर्ग आणि अर्ध्याचा वर्ग मिळून निम्मंच होतं. दोन भाग साध्या प्रमाणात न घेता एका कोनाच्या कोसाइन आणि साइनच्या प्रमाणात घ्यायला हवेत. त्या दोघांच्या वर्गांची बेरीज कायम १ असते, म्हणून लांबी राखली जाते. दहावीत पाठ केलेलं ते नित्यसमीकरण एका पृष्ठाला आटण्यापासून वाचवतं, हे त्या दिवशी वर्गाला पहिल्यांदा दिसलं. आणि तिनं बिंदू चुकीचे जुळवले असते तर मधली पृष्ठं न्यूनतमही राहिली नसती, तरी चित्र तितकंच छान हललं असतं.

तेव्हा नुसत्या डोळ्यावर भिस्त ठेवता येत नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. इंटरनेटवर अशा फिती पाहून साबणाचा पडदाच असा वळतो असं समजणारे लोकही मला भेटलेत. तो तसा वळत नाही. दोन कडी त्रिज्येच्या सुमारे १.३३ पटीहून अधिक दूर नेली की कॅटेनॉइडचा पडदा टिकतच नाही, तो मिटून दोन सपाट चकत्या होतात. माझ्या ३ सेंटिमीटरच्या कड्यांसाठी ही मर्यादा ४ सेंटिमीटरच्या आतच येते. खऱ्या पडद्याला चीर दिली तर तो फुटेल. पण म्हणून काय करायचं? चित्र न दाखवणं हा उपाय मला पटत नाही. त्या मुलीनं चित्र केलं नसतं तर तिचा प्रश्न जन्मला नसता. फळ्यावर मी साइन-कोसाइनचं सूत्र लिहून दिलं असतं, तिनं ते उतरवून घेतलं असतं, आणि तिथे साइन-कोसाइनच का, हे विचारायचं तिला कारणच पडलं नसतं.

चित्र आणि गणित यांची अशी फाळणी करणाऱ्यांनी या विषयाचा इतिहास एकदा बघावा. साबणाच्या पडद्यांचे नियम ज्यांनी प्रयोगांनी बांधले ते बेल्जियमचे जोसेफ प्लातो. पुढे त्यांची दृष्टी गेली; पडद्यांवरचे कित्येक प्रयोग त्यांनी आप्तांच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिले आणि १८७३ मध्ये ते ग्रंथरूपानं मांडले. याच प्लातोंनी १८३२ मध्ये एक फिरती तबकडी बनवली होती. तिच्यावर ओळीनं काढलेली स्थिर चित्रं आरशात फटीतून पाहिली की हलताना दिसत. चलच्चित्राच्या इतिहासात ही तबकडी अगदी सुरुवातीला येते. न्यूनतम पृष्ठ आणि हलतं चित्र या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून आपल्यापर्यंत आल्यात.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. कुंडीत वाटाणा पेरायचा, थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट टिपायची आणि मग सगळं सलग दाखवायचं. दिवसेंदिवस चाललेली वाढ पडद्यावर काही क्षणांत झाली. त्या फितीतली मधली चौकट कुणी खोटी म्हणेल का? प्रत्येक चौकटीत खरा अंकुर होता, त्या दिवशी तेवढाच वाढलेला. डोळ्याला सलग न दिसणारं सत्य फाळक्यांनी डोळ्याच्या चालीत बसवलं. माझ्या पडद्यावरची फीत याच जातीची आहे. तिच्यात वेळाऐवजी कोन सरकतो, एवढाच फरक.

आणि चित्रानं सिद्धतेची वाट दाखवल्याचं उदाहरण हवं असेल तर तेही याच विषयात आहे. स्वतःला कुठेही न छेदणारी, कडेला न संपणारी आणि ज्यांची घडण मोजक्या छिद्रांची आणि मोजक्या टोकांची आहे अशी न्यूनतम पृष्ठं म्हणून म्योनियेनंतर दोनशे वर्षं तीनच माहीत होती : सपाट प्रतल, कॅटेनॉइड, हेलिकॉइड. १९८२ मध्ये ब्राझीलच्या सेल्सो कोस्टांनी आपल्या प्रबंधात एका नव्या पृष्ठाची समीकरणं दिली. ते स्वतःला छेदतं की नाही, हे समीकरणांकडे पाहून कुणालाच सांगता येईना. अमेरिकेत डेव्हिड हॉफमन आणि विल्यम मीक्स यांनी जेम्स हॉफमन या तरुणाच्या प्रोग्रामनं ते पडद्यावर आणलं, फिरवून फिरवून पाहिलं. पृष्ठात दोन सरळ रेषा दिसल्या, सगळं पृष्ठ आठ एकसारख्या तुकड्यांचं असल्याचं दिसलं. ती सममिती दिसल्यावरच सिद्धता हाताशी आली आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्रानं सिद्धतेची जागा घेतली नाही. सिद्धता कुठे शोधायची ते चित्रानं दाखवलं.

आता साकोलीबद्दल. त्या प्राध्यापकांच्या बोलण्यातलं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. तालुक्याच्या गावी ही चैन, हे म्हणणाऱ्यानं आमच्या भागात एकदा येऊन बघावं. भंडारा–गोंदिया म्हणजे धानाचा प्रदेश. राइस मिलमध्ये धान, तांदूळ, कोंडा इकडून तिकडे न्यायला स्क्रू कन्व्हेयर लागतो : लांब नळी, तिच्यात फिरणारा दांडा आणि दांड्याभोवती पोलादी पात्याचा जिना. ते पातं हेलिकॉइडच असतं. ते पट्टीसारखं सरळ गुंडाळून होत नाही. पत्र्यातून मधे भोक असलेली गोल चकती कापतात, तिला एक चीर देतात, आणि दोन टोकं विरुद्ध दिशांना खेचून एक वेढा करतात. हायवेलगतच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात हे काम चालू असताना मी मुलांना घेऊन गेलो. कारागीर म्हणाला, “सर, मधात पत्रा फुगते जी, त्याले ठोकून ठोकून बसवा लागते.”

तो का फुगतो, हे आम्ही परत येऊन काढलं. दांडा ४ सेंटिमीटर जाडीचा, पात्याचा बाहेरचा व्यास २० आणि एका वेढ्याची चढण २० सेंटिमीटर धरा. आतली कड २३.६२ सेंटिमीटर लांब लागते, बाहेरची ६५.९४. चकती कापताना या दोन कडा बरोबर साधता येतात. पण सपाट चकतीत बरोबर मधल्या रेषेची लांबी या दोघींच्या सरासरीइतकी, म्हणजे ४४.७८ असते. खऱ्या हेलिकॉइडला तिथे ४२.६८ च लागते. २ सेंटिमीटरहून अधिक पत्रा जास्तीचा. तो जाणार कुठे? गाउसनं १८२७ मध्ये सिद्ध केलं की न ताणता वळवलं तर पृष्ठाची गाउसी वक्रता, म्हणजे काटकोनातल्या त्या दोन मुख्य बाकांचा गुणाकार, बदलत नाही. सपाट पत्र्याची ती शून्य, हेलिकॉइडची ऋण. म्हणून सपाट चकतीचं हेलिकॉइड पत्र्यावर बळजोरी केल्याशिवाय होऊच शकत नाही, आणि ती बळजोरी म्हणजेच त्या माणसाचा हातोडा. चकतीऐवजी कुणी त्याला चीर दिलेल्या कॅटेनॉइडचा योग्य पट्टा दिला असता, कंबरेची त्रिज्या ३.१८ सेंटिमीटर, परीघ बरोबर चढणीएवढा २०, तर नुसतं वळवून पातं झालं असतं. पत्र्याचं कॅटेनॉइड करणं हे चकती कापण्यापेक्षा कितीतरी अवघड, तेव्हा उद्यापासून कुणी असं करणार नाही. पण त्या कारागिराला रोज जे हाताला जाणवतं त्याचं कारण याच विषयात आहे, आणि माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरचा रोजगार अशाच कामातून येतो. ही त्यांच्यासाठी चैन कशी?

मुलांचा पाया कच्चा असतो, हे खरं आहे. मी रोज ते पाहतो. पण या रूपांतराची पूर्ण सिद्धता द्यायला काय लागतं ते मोजा. दोन चलांतली आंशिक विकलनं, साइन-कोसाइनचं ते नित्यसमीकरण, आणि त्याचंच हायपरबोलिक भावंड. बस. एका पानात सगळं मावतं. मधल्या कुठल्याही कोनावर अंतर मोजण्याचं सूत्र काढलं की कोन त्यातून गळून पडतो. डॉ. श्रीराम अभ्यंकर, ज्यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं, ते बीजीय भूमितीच्या शिखरावर असतानाही हायस्कूलच्या बीजगणिताची ताकद आवर्जून सांगत आणि हातानं आकडेमोड करण्याचा आग्रह धरत. आमच्या मुलांनी ते पान हातानं केलं. काहींना दोन दिवस लागले. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

शेवटी पुन्हा त्या मूळ मुद्द्याकडे, मधल्या चौकटीकडे. एकोणिसाव्या शतकात श्वार्त्सनं तिन्ही दिशांना पुनःपुन्हा तसंच पसरत जाणारी न्यूनतम पृष्ठं अभ्यासली. त्यातली दोन आज पी आणि डी या नावांनी ओळखली जातात. कॅटेनॉइडचं हेलिकॉइड होतं तसंच डी वळून पी होतं. ० अंशाला एक, ९० अंशाला दुसरं. शंभर वर्षं लोकांचं लक्ष या दोन टोकांवर होतं. वाटेतली पृष्ठं स्वतःलाच छेदत जातात, म्हणून त्यांना कुणी विचारत नव्हतं. मग अमेरिकेच्या नासात काम करणाऱ्या अ‍ॅलन शोएन यांना त्या वाटेवर एक थांबा सापडला. सुमारे ३८.०१ अंशाला पृष्ठ स्वतःला कुठेही छेदत नाही. १९७० च्या अहवालात त्यांनी त्याला जायरॉइड नाव दिलं. पुढे काही फुलपाखरांच्या पंखांच्या खवल्यांत हीच रचना आढळली. आज त्रिमितीय छपाईत वस्तूचं पोट भरायला ती सर्रास वापरतात. जायरॉइड स्वतःला खरंच कुठे छेदत नाही याची काटेकोर सिद्धता मात्र १९९६ मध्ये आली. ज्याला मेळाव्यात संगणकानं भरलेलं म्हटलं गेलं, त्या मधल्या भागातली ही एक चौकट.

डीचं पी होतानाची फीत मी वर्गात लावली तेव्हा ३८ अंशापाशी थांबवली नव्हती. पृष्ठ त्या कोनावरून सरकून पुढे गेलं आणि पुन्हा स्वतःत घुसलं. मागच्या बाकावरच्या एका मुलानं मला फीत मागे घ्यायला लावली. एकदा, मग आणखी दोनदा. मग विचारलं की नेमका हाच कोन का, तीस का नाही, पंचेचाळीस का नाही. मी त्याला सांगितलं की तो कोन दोन एलिप्टिक संकलांच्या गुणोत्तरातून येतो आणि ती संकलं आपल्या अभ्यासक्रमात नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यानं ग्रंथालयातून ज्या पुस्तकात ती आहेत ते काढून आणलं होतं. तिसऱ्या प्रकरणापर्यंत तो पोचलाय, आणि दर शनिवारी तास संपल्यावर आम्ही दोघं अर्धा तास बसतो.